सरकारी रान कोणाचे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला आरोग्य, मुलांचे संगोपन, घरगुती उद्योग असे विषय आपल्याकडे नेहमी होतात. यंदा विषय निवडण्याची मुभा मला मिळाली आणि मी ‘सरकारी रान’ हा विषय सुचविला, तेव्हा एकदोघींनी विचारले, “त्यात बायकांचे काय काम?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच मी येथे उभी आहे.

आपल्या बोलण्यात ‘सरकारी’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. नळ सरकारी म्हटला की त्याची तोटी कोणी बंद करावयाची हा प्रश्नच उरत नाही. भिंत सरकारी म्हटली की तिच्यावर कोणीही काहीही चिकटवावे. शेजारची जमीन ई-क्लासची आहे असे कळले की शेताचा बांध दरसाल वीतभर तिच्यात सरकू लागतो. म्हणजे सरकारचे ते कोणाचेच नाही, हा त्या शब्दाचा एक अर्थ झाला. दुसरा अर्थ गरीब बाईच्या वाट्याला येतो. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन ती रानातून बाहेर पडते, आणि तिला सांगण्यात येते की हे रान सरकारचे आहे, तुझे नव्हे. पहिल्या अर्थाने रान लुटले जाते आणि दुसऱ्या अर्थाने माणूस रानाला पारखा होतो. माझ्या मते दोन्ही अर्थ चुकीचे आहेत.

मग खरा अर्थ कोणता? तो आपल्या मंडळाच्याच व्यवहारातून सांगते. मंडळाचा निधी खजिनदारबाईंच्या हाती असतो. सही त्यांची चालते, वही त्या ठेवतात, उगाच कोणी पैसे मागू लागल्यास नाही म्हणण्याचा अधिकारही त्यांचाच. परंतु म्हणून तो पैसा त्यांचा होत नाही. तो आपणा सर्वांचा आहे, आणि पुढे ज्या मुली या मंडळात येतील त्यांचाही आहे. सभासदांनी हिशेब विचारला पाहिजे आणि खजिनदारबाईंनी तो दिला पाहिजे, तरच निधी सुरक्षित राहतो. सरकारी रानाचे नेमके हेच आहे. सरकार हे खजिनदार आहे, मालक नव्हे. आपण सभासद आहोत. आणि कितीतरी सभासद अजून जन्माला यावयाचे आहेत. आज मला एवढी एकच गोष्ट सांगावयाची आहे. बाकी सारे तिचे दाखले आहेत.

प्रथम आपल्या जिल्ह्याची ठेव किती आहे ते पाहू. बुलढाण्याहून बोथ्यावरून खामगावला जाताना जे डोंगराळ रान लागते, ते ज्ञानगंगा अभयारण्य. सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे हे रान १९९७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तेथे बिबट्या आहे, अस्वले आहेत, रोही, चितळ आणि भेकर आहेत. त्याच साली संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत, अंबाबरवा अभयारण्य झाले. ते सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे असून मेळघाट व्याघ्रप्रकल्पात मोडते. १९७३-७४ साली देशात पहिल्या नऊ ठिकाणी व्याघ्रप्रकल्प सुरू झाले, त्यांत मेळघाट होते. तिसरे स्थळ म्हणजे जगप्रसिद्ध लोणार. आकाशातून कोसळलेल्या अशनीने काळ्या पाषाणात पाडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर आणि त्यातले खारे सरोवर अवघ्या पृथ्वीवर दुर्मीळ आहे.

या ठेवीला कुलुपे कोणती, तेही थोडक्यात सांगते. कारण कायदा हा विषय पुरुषांचा, असे आपण उगाच मानून बसतो. १९७२ साली वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा झाला. अभयारण्ये त्याच्या आधाराने उभी आहेत. १९७६ साली घटनादुरुस्ती होऊन वने हा विषय राज्य आणि केंद्र या दोघांच्या सामाईक यादीत गेला. १९८० साली वनसंवर्धनाचा कायदा आला. वनजमीन दुसऱ्या कामाला द्यावयाची तर केंद्र सरकारची आगाऊ परवानगी पाहिजे, असे त्याने ठरविले. म्हणजे रान सांभाळते राज्याचे वनखाते, पण तिजोरीला किल्ल्या दोन, आणि दुसरी दिल्लीला. १९८०च्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन काही प्रकारच्या जमिनींना त्यातून सूट मिळाली. त्या सुटीवरून देशात पुष्कळ वाद झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सांगावयाचे तात्पर्य इतकेच की कुलपे कायमची नसतात. ती घट्टही करता येतात आणि सैलही. सभासद जागे असले तर त्यांना कळते, नाही तर कळतसुद्धा नाही.

आता एका वाघाची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ साली शास्त्रज्ञांनी रेडिओचा पट्टा बांधला, म्हणून त्याचा माग लागला. पावसाळ्याच्या सुमारास तो घर सोडून निघाला. तेलंगणात शिरला, परत आला, नांदेड-हिंगोलीकडून चालत चालत डिसेंबरमध्ये आपल्या ज्ञानगंगेत येऊन ठेपला. वळणे धरून त्याची चाल सुमारे १३०० किलोमीटर झाली. बहुतेक प्रवास त्याने रात्री केला, दिवसा नाल्याकाठच्या झुडपात तो पडून राही. विसाव्याच्या जागी जवळ गेलेल्या एका माणसाला इजा झाली, ही गोष्ट लपवून ठेवण्याचे कारण नाही. परंतु एवढ्या गावांच्या शिवारांतून एवढा मोठा पशू गेला आणि पुष्कळ ठिकाणी तो गेल्याचा पत्ताही लागला नाही, हेही तितकेच खरे.

आपल्या घरांत या वाघाचे कौतुक झाले. वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे आली. पण तो काय दाखवून गेला, याचा विचार थोडक्यांनीच केला. तो अभयारण्यातून अभयारण्यात उडी मारून आला नाही. मधली वाट नाल्यांच्या काठाची, पडीक माळांची, ई-क्लासच्या झुडपांची आणि शेतांची होती. ज्या जमिनीला आपण ‘निकामी’ म्हणतो, तिनेच त्याला ज्ञानगंगेपर्यंत पोचविले. आणि येथे येऊनही तो कायमचा राहिला नाही. जोडीदारीण नव्हती. २०२१ साली तो गौताळा-औट्रम घाटाच्या रानात, म्हणजे पलीकडच्या औरंगाबाद, आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, कॅमेऱ्याला दिसला. एकट्या २०५ चौरस किलोमीटरच्या रानावर वाघाचे कुळ चालत नाही. एका रानापासून दुसऱ्या रानापर्यंत वाट शिल्लक असेल तरच ते चालते. घराला खोल्या पुष्कळ आणि दारे एकही नाही, असे झाले तर त्या घरात राहावयाचे कसे?

येथे कोणी भगिनी मनात म्हणेल, “वाघ चालला काय आणि बसला काय, माझ्या चुलीला त्याचे काय?” तिला मी पाण्याकडे नेते. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या बाजूच्या माहेरवाशिणी येथे बसल्या आहेत, त्यांना अधिक सांगावयास नको. विहीर भरलेली, पण पाणी तोंडी लागत नाही, डाळ शिजत नाही, आणि मूत्रपिंडाच्या विकाराने घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळलेला, असे त्या भागात किती घरांत दिसते! त्या पट्ट्यातील कितीतरी गावांना आज नळाने गोडे पाणी मिळते ते वान धरणाचे. ते धरण भरते सातपुड्यावरून येणाऱ्या पाण्याने, आणि त्या उतारांवर मेळघाटचे रान उभे आहे. डोंगरावर झाड असले, पालापाचोळा असला की पावसाचे पाणी जिरत जिरत उतरते. डोंगर उघडा पडला की तेच पाणी माती घेऊन धावत येते आणि धरणाच्या पोटात गाळ साचतो. अजिंठ्याच्या रांगेत आपल्याच जिल्ह्यात उगम पावणाऱ्या पैनगंगेलाही हाच न्याय लागू आहे. तेव्हा हंड्याचा आणि रानाचा संबंध असा आहे. हंडा तर आपल्याच कमरेवर असतो ना?

परंतु रान राखण्याची किंमत कोण देते, हा प्रश्न विचारल्यावाचून रानाचे गुणगान करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आपण शहरात राहून वाघाची चित्रे भिंतीवर लावतो. किंमत देते ती रानालगतची बाई. तिची तूर रोही खातात, हरभरा रानडुकरे उकरतात. रात्रभर तिचा माणूस मचाणावर जागतो. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी झाली की शेळ्या विकाव्या लागतात. कित्येकांना तर गावच सोडावे लागते. मेळघाटातून गावे बाहेर हलविण्यात आली. व्याघ्रप्रकल्पातून स्वेच्छेने उठणाऱ्या कुटुंबासाठी २००८ साली दहा लाख रुपये ठरले, ते २०२१ साली पंधरा लाख झाले. पैसा आला म्हणजे गाव आले असे नाही. देव, नाते, पाणवठा आणि ओळखीची वाट रुपयांत मोजता येत नाहीत.

ही गोष्ट आपल्याकडचीच आहे असेही नाही. अमेरिकेत चौथाईहून अधिक भूमी तेथील संघसरकारच्या ताब्यात आहे. १८७२ साली त्यांनी यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान केले. जगाने ते उदाहरण उचलले. पण पिढ्यान्‌पिढ्या तेथे वावरणाऱ्या मूळ रहिवाशांना त्या उद्यानातून घालवून देण्यात आले, हा त्याच उदाहरणाचा दुसरा भाग आहे. चांगल्या कामाची सुरुवात अन्यायाने झाली की तो अन्याय पुढे दीर्घकाळ त्या कामाचे नाव खराब करीत राहतो.

आपल्या देशाने २००६ साली वनहक्कांचा कायदा करून या बाबतीत एक पाऊल टाकले. पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणाऱ्या आदिवासींचे आणि इतर वननिवासींचे हक्क त्याने मान्य केले. अभयारण्यालाही तो लागू आहे. त्यातील दोन कलमे आपण भगिनींनी पाठ करून ठेवावीत. जमिनीचा हक्क मिळतो तो नवरा-बायको दोघांच्या नावाने. आणि गावच्या वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश स्त्रिया असल्याच पाहिजेत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला आणि ग्रामसभेच्या विचाराने रान सांभाळून दाखविले. म्हणजे सभासदांच्या हाती वही दिली की निधी बुडतो, ही भीती खरी नाही.

कोणी म्हणतील, रान राखले की प्रगती अडते. याचा दाखला आपल्याच जिल्ह्यातला आहे. अकोला-खंडवा ही जुनी मीटरगेज रेल्वे मेळघाटच्या वाघांच्या रानातून जात असे. ती रुंद करावयाचे ठरले तेव्हा प्रश्न उभा राहिला, की रुंद मार्ग त्याच रानातून न्यावा की बाहेरून वळवावा? वळसा घेतला तर अंतर वाढते, खर्च वाढतो. परंतु वळशाचा मार्ग सोनाळा, जामोद अशा आपल्या जिल्ह्यातील, रेल्वे कधी न पाहिलेल्या गावांवरून जातो. २०२० साली राज्य सरकारने बाहेरच्या मार्गाचा आग्रह धरला आणि पुढे रेल्वेने वळण मान्य केले. रान सोडून रूळ वळले म्हणजे गाडी माणसांच्या दारी येते, हे ध्यानात घ्या. दर वेळी असा दुहेरी लाभ होईलच असे नाही. पण दुसरी वाट आहे का, हे विचारण्याचीच जर आपल्याला सवय नसेल, तर ती कधीच सापडावयाची नाही.

आता लोणारकडे वळते, कारण तेथे आपलाही हात गुंतलेला आहे. त्या एका विवराला रखवालदार अनेक. रान वनखात्याचे, प्राचीन देवळे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची, आणि काठावरचे गाव नगरपालिकेचे. गावचे सांडपाणी सरोवराकडे जाऊ नये, काठावर अतिक्रमण होऊ नये, म्हणून प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि सारे जग चकित झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की खारट पाण्यात वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत गेले. पाणथळ जागा राखण्याचा करार १९७१ साली इराणातील रामसर गावी झाला, त्यावरून हे नाव पडले. नांदूर-मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातील हे दुसरे रामसर स्थळ.

मान मोठा मिळाला. पण त्या सरोवराचा जीव त्याच्या खारटपणात आहे. बाहेरचे गोडे आणि घाण पाणी शिरत राहिले की तो खारटपणा उतरतो आणि दुसरीकडे न सापडणारे ते सूक्ष्म जीव नाहीसे होऊ लागतात. अलीकडच्या वर्षांत पाणी चढत चढत कमळजा देवीच्या देवळाला भिडले, ही चिंतेची बाब आहे. त्यावर काय करावयाचे ते शास्त्रज्ञ सांगतील. परंतु नवरात्रात आपण देवीची ओटी भरावयास जातो, तेव्हा प्लॅस्टिकची पिशवी, तेलाची बाटली, निर्माल्य, धारेखाली साबणाची वडी हे सारे कोणत्या खात्याचे? ते आपले खाते आहे. देवीला खण-नारळ पोचला पाहिजे. पिशवी घरी परत आली तर देवी रागावणार नाही.

भगिनींनो, मंडळाने काय करावे असे विचाराल तर चारच गोष्टी सुचविते. पहिली, वर्षातून एकदा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना मंडळात बोलवावे आणि आदराने हिशेब विचारावा. उन्हाळ्यात पाणवठे भरले का? वणवा अडविण्यासाठी जाळरेषा वेळेवर काढल्या का? पिकाच्या नुकसानीचे पंचनामे किती झाले आणि पैसे किती जणींना पोचले? दुसरी, रानालगतच्या गावांतील महिला बचतगटांशी आपण नाते जोडावे. गॅसची शेगडी पुष्कळ घरी पोचली आहे, पण टाकी भरावयास पैसे नसले की ती कोपऱ्यात बसते आणि बाई पुन्हा रानात जाते. तिला धूर कमी आणि सरपण थोडे लागणारी चूल घालून देणे, तिच्या हातचे पदार्थ आपण विकत घेणे, हेही रानाचे रक्षणच आहे. तिसरी, आपल्यापैकी ज्यांची गावे रानाजवळ आहेत त्यांनी ग्रामसभेला जावे आणि तोंड उघडावे. चौथी, सहलीला, जत्रेला, हुरड्याला गेलो तर नेलेले सारे परत आणावे आणि रानात विस्तव करू नये. मार्च-एप्रिलच्या वाळल्या पाल्याला एक ठिणगी पुरते.

एवढ्याने काय होणार, असे वाटत असेल तर हिमालयातील रेणी गावाचे स्मरण करा. २६ मार्च १९७४ रोजी गावातले पुरुष बाहेर गेलेले पाहून कंत्राटदाराची माणसे झाडे तोडावयास आली. तेव्हा गौरादेवी नावाची विधवा बाई सत्तावीस जणींना घेऊन रानात गेली आणि झाडांच्या आड उभी राहिली. तोडणारे परत गेले. ते रानही सरकारीच होते, आणि तोडण्याचा परवानाही सरकारीच होता. सरकारचे रान सरकारच्याच परवान्यापासून गावच्या बायकांनी वाचविले. ती गौरादेवी कोण होती, ठाऊक आहे? गावच्या महिला मंगल दलाची अध्यक्षा. म्हणजे आपल्यासारख्याच एका मंडळाची.

तेव्हा सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले असे समजते. पुढील वर्धापनदिनी अहवाल वाचला जाईल, तेव्हा त्यात जमाखर्चाच्या शेजारी ‘रानाचा हिशेब’ असे एक पान असावे, एवढी विनंती करते.